अर्धवट सोडलेले खेळ

११ जानेवारी

चि. भुंग्या,

एकेचाळीस वर्षांच्या माणसाला चिरंजीव म्हणताना हात जरा अडखळला. पण ‘प्रिय’ लिहायचा धीर झाला नाही, आणि नुसतं ‘भुंग्या’ लिहिलं तर हाक मारल्यासारखं वाटतं. हाका मारून झाल्या. फोन तू उचलत नाहीस. वर्षभर मी बोलून पाठवलेले निरोप ऐकतोस की तसेच पुसून टाकतोस, कळायला मार्ग नाही. म्हणून आता कागद. पत्ता मावशीच्या थोरलीकडून काढून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

तुझा निरोपही तिनेच दिला. “ताईला सांग, ते खेळायचं मशीन कुणालाही देऊन टाक, मला नको, असं म्हणाला.”

“आणखी?”

“आणखी बरा आहे म्हणाला.”

“हे मला सांग म्हणाला, की तुला म्हणाला?”

“अगं बाई, बरा आहे म्हणजे बरा आहे! त्यात तुझं-माझं काय असतं?”

असतं. पण तिला समजावत बसले नाही.

मशीन आमच्या दवाखान्यात, मुलांच्या बाकाजवळ ठेवायचं ठरवलंय. कान तपासायला आलेली पोरं आत येईपर्यंत रडून रडून कान लाल करून घेतात, तेवढीच गुंततील. आईच्या घरून माझ्याकडे आलेलं खोकं उघडलं. वर तुझ्या अक्षरात ‘नाजूक’, आणि आत मशीनला आईची शाल गुंडाळलेली. शाल मी ठेवून घेतली. ‘कुणालाही देऊन टाक’ यात ती धरलेली नसावी.

मग वाटलं, देण्याआधी एकदा खेळून बघावं. “ताई, आधी खेळून बघ, मग नावं ठेव,” असं तू किती वेळा म्हणालास. मी बघितलं कधीच नाही. नावं मात्र मनापासून ठेवली. आता घरात मी एकटी. दवाखान्यातून आले की सातपर्यंत पोळी-भाजी होते आणि त्यानंतर घरात फ्रिज तेवढा बोलतो.

यंत्र सुरू केलं तर तुझा ढीग समोर. प्रत्येक खेळाच्या खाली तो किती पुरा केलास ते दिसतं. बहुतेक सगळे अर्धवट. बासरी, पोहण्याचा क्लास, दोन नोकऱ्या, एक ठरलेलं लग्न, आणि आता हे. हे वाक्य खोडणार होते. ठेवते. या पत्रांत मी खोडाखोड करणार नाही असं ठरवलंय. डायरीत फार करते.

तुझ्या खेळांतली तुझी जागा पुसली जाणार नाही याची काळजी घेतली आहे. मी प्रत्येक खेळ नव्याने सुरू करते.

पहिला घेतला तो टपालाचा. (नावं सगळी परकी, मी माझी ठेवते.) बेटं आहेत, एक होडी आहे, पत्रं पोचवायची. मला पहिले चार दिवस होडी धक्क्याला लावताच येईना, प्रत्येक वेळी पत्रांसकट पाण्यात. पण संध्याकाळचं समुद्राचं पाणी त्यांनी फार छान केलंय. शेवटच्या बेटावरचा म्हातारा पत्र घेतो, उघडत नाही, खिशात ठेवतो. खेळ तिथेच संपतो. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून परत जाऊन त्याच्या दारात उभी राहिले. तो नुसता हसतो.

मला तू परत बोलायला हवा आहेस. हे एकदाच सरळ लिहून टाकते. बाकी सगळं खेळांबद्दल.

ताई

१९ जानेवारी

चि. भुंग्या,

शेताचा खेळ पुरा केलास, शंभर टक्के. मला आश्चर्य वाटलं, मग तुझं शेत बघायला शिरले. क्षमा कर, फक्त बघितलं, काही उपटलं नाही.

बकरीचं नाव ‘तायडी’!

मी पाऊण तास तिच्यामागे फिरले. तीच एक बकरी कुंपण ओलांडून दुसऱ्याच्या शेतात तोंड घालते, आणि चारा घातला तरी शिंगं उगारते. म्हशीचं नाव आईचं नाही ठेवलंस, एवढी लाज राखलीस. आईच्या नावाचं झाड सापडलं, विहिरीजवळचं. तिथे बाकही ठेवलायस.

दवाखान्यात ही बकरीची गोष्ट सांगितली. समोरच्या टेबलावर नोंदणी करणारी बाई म्हणाली, “मॅडम, भाऊ ओळखतो हो तुम्हाला!” आणि दिवसभर पेशंट आत पाठवताना मला बघून हसत राहिली. बऱ्याच दिवसांनी माझ्याबद्दल घरातल्या माणसाने केलेली थट्टा लोकांना सांगायला मिळाली.

एक तक्रार. तुझ्या या खेळांत पडद्यावर सारखी अक्षरं उमटतात. माणसं बोलतात ते ठीक, पण ‘दार करकरतं’, ‘मागून पावलं’, ‘बकरी ओरडते, लांबून’ हेही लिहून दाखवतात. ऐकू येतंय की मला! शिवाय मधूनमधून पडद्याच्या कडेला नारिंगी कमान चमकते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. आधी वाटलं, टीव्ही बिघडला. आता सवय झाली. शोभेसाठी असावी.

तुला मैत्रीची विनंती पाठवली आहे, यंत्रातूनच. ‘ताई’ हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं होतं म्हणून ‘ताई४६’ झाले. वय लावायची इच्छा नव्हती, पण पहिलं सुचलं तेच लावलं. विनंतीपुढे घड्याळाचं चित्र येतं. ते तसंच आहे.

ताई

२ फेब्रुवारी

चि. भुंग्या,

आज मी फुशारकी मारणार आहे.

अंधाऱ्या वस्तुसंग्रहालयाचा खेळ संपवला. तू पहिल्या दालनातच सोडलेला. पहारेकरी दिसत नाही, नुसती त्याची पावलं ऐकून उलट्या बाजूने सटकायचं. मी दोन संध्याकाळींत बाहेर पडले. कानांवर जगणारी बाई आहे मी, एवढं तरी यायलाच हवं. इथे ती अक्षरं आणि कमान नव्हती, त्यामुळे आणखी बरं वाटलं.

पाखरांचा खेळही झाला. रानात शीळ ऐकू येते, ती कुठून आली ते ओळखून पक्षी शोधायचा. तू एकही पक्षी शोधलेला नाहीस! एकही! अरे, लक्ष देऊन ऐकायचं असतं. आई म्हणायची तेच खरं, एका कानाने ऐकतोस आणि दुसऱ्याने सोडून देतोस.

पाखरांबद्दल मत: सुंदर, पण एकट्याने खेळायचं नाही. पक्षी सापडला की कुणाला तरी कोपराने ढोसावंसं वाटतं.

आता आईचं नाव आलंच आहे, तर लिहिते. त्या दुपारचं मी अजून समजून घेऊ शकलेले नाही. आई न्हाणीत पडली. तिने तुला हाका मारल्या. तू बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, हेच यंत्र लावून बसलेला. भिंतीपलीकडच्या शिक्षिकाबाईंना हाका ऐकू गेल्या, त्यांनी येऊन दार बडवलं, आणि मग तू उठलास. भिंतीपलीकडे ऐकू गेलं, भुंग्या. तिचा खुबा मोडला, मी तिला माझ्याकडे आणलं, सहा महिन्यांत ती गेली. ती पडल्यामुळेच गेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण तू वर्षभर माझ्याशी बोलत नाहीस, जणू चूक माझी.

हे सगळं मी खोडायला हवं. खोडणार नाही म्हटलं होतं ना.

ताई

१३ फेब्रुवारी

भुंग्या,

मागचं पत्र तुला पोचलं असेल तर कृपा करून हेही वाच. फाडायचं तर नंतर फाड.

काल एक शिंपी आला होता. पन्नाशीचा, बरोबर बायको. माझा नेहमीचा पहिला प्रश्न विचारायच्या आत ती सुरू झाली.

“मॅडम, यांना ऐकू येतं हो. फक्त माझं येत नाही!”

“तू बोलायची थांबलीस तर येईल,” तो म्हणाला.

“बघा, हे आलं!”

तो बसला आणि बसता बसता खुर्ची थोडी फिरवून घेतली. मी विचारलं, “डाव्या कानाने कधीपासून येत नाही?”

तो दचकला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“खुर्चीने.”

बायको त्याच्या डाव्या कानाकडे बघायला लागली. मग म्हणाली, “रस्त्याने चालताना हे मला नेहमी उजव्या हाताला ठेवतात. गर्दी असो, खड्डा असो, पळत येऊन जागा बदलतात. मला इतकी वर्षं वाटायचं, प्रेमाने.”

“प्रेमानेच,” शिंपी म्हणाला. “तुझं ऐकू यावं म्हणून.”

त्याचा डावा कान लहानपणीच्या गालगुंडांत पूर्ण गेलेला निघाला. असं होतं. एकच कान जातो, मूल सांगत नाही, कारण दुसऱ्याने भागतं. समोरासमोर, शांत खोलीत कुणाच्या लक्षातही येत नाही. पण एका कानाच्या माणसाला आवाज आला तरी कुठून आला ते कळत नाही. दिशा कळायला दोन लागतात. हे मी त्या दोघांना समजावून सांगितलं, रोजच्यासारखं, चित्र काढून.

घरी येऊन दिव्यांच्या शहराचा खेळ लावला. तो तू पुरा केलेला. मागून गाडी आली, कडेची नारिंगी कमान डावीकडे चमकली, आणि कंट्रोलर माझ्या मांडीवरच राहिला.

मी सेटिंग्जमध्ये गेले. शोभेची नव्हती. ‘आवाजाची दिशा पडद्यावर दाखवा.’ चालू. ‘आवाजांचं वर्णन लिहून दाखवा.’ चालू. मुळात या दोन्ही गोष्टी बंद असतात. कुणीतरी शोधून, आत जाऊन चालू कराव्या लागतात. मग मी एकेक खेळ उघडून बघितला. ज्यांत ही सोय आहे ते सगळे तू शेवटपर्यंत खेळलास. ज्यांत नाही ते सोडलेस. वस्तुसंग्रहालयात नाही. पाखरांच्या खेळात नाही.

मी तुला लिहिलं होतं, लक्ष देऊन ऐकायचं असतं.

सोफ्याच्या डाव्या टोकावरून आपण किती भांडलो. तू दुसरीकडे बसायचाच नाहीस. “राजाचं सिंहासन” म्हणून मी चिडवायचे. त्या टोकाला बसलं की घरातली सगळी माणसं उजवीकडे येतात. डावीकडे फक्त भिंत आणि आईच्या खोलीचं दार, न्हाणी त्या खोलीच्या आत. आणि आई तुझ्याशी बोलण्याआधी खांद्यावर टिचकी मारायची. मला कधी मारली नाही. ती काही कान तपासणारी नव्हती. तिला ते कधी कळलं, की कळलंच नव्हतं आणि हात आपोआप जायचा, हे आता विचारायला कोणी नाही.

गालगुंडं आधी मला झाली होती. मग तुला. दोघं फुगलेले गाल घेऊन एका चादरीत बसायचो आणि तू गुणगुणायचास. तुझं भुंग्या नाव तेव्हाचंच.

ताई

१४ फेब्रुवारी

भुंग्या,

कालचं पत्र टाकून आले आणि रस्त्यातच लक्षात आलं की मी पुन्हा तेच केलं. न तपासता निदान.

पहिल्यांदा केलं ते इस्पितळाच्या बोळात, मावशी, थोरली, शिक्षिकाबाई सगळ्यांसमोर. तू म्हणालास, “ताई, मला खरंच ऐकू आलं नाही.” आणि मी म्हटलं, “मी रोज ऐकू न येणारी माणसं बघते. तू त्यातला नाहीस.”

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ते रागातलं बोलणं ठरलं असतं. माझ्या तोंडून तो दाखला झाला. त्यानंतर कोणी तुझ्याकडे बघितलं नाही. मी कधीच आवाज चढवत नाही याचा मला अभिमान होता. ते वाक्यही मी शांतपणेच बोलले.

म्हणून आता तुझ्याबद्दल काही ठरवत नाही. फक्त माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. एक कान वाईट असला की तपासताना पंचाईत होते. वाईट कानात आवाज सोडला तरी चांगला कान तो डोक्याच्या हाडांतून ऐकतो आणि त्याच्या वतीने ‘आवाज आला’चं बटण दाबतो. त्याची बाजू राखतो. म्हणून चांगल्या कानात मुद्दाम गोंगाट सोडावा लागतो, तो गुंतला की मगच वाईट कानाचं खरं कळतं.

त्या दुपारी तुझ्या उजवीकडे टीव्हीचा आवाज होता आणि डावीकडे आई. मी स्वतः माझ्या खोलीत तपासणी मांडली असती तरी याहून नेमकी मांडता आली नसती.

माझं चुकत असेल. अक्षरं तुला नुसती आवडत असतील, पाखरांचा कंटाळा आला असेल, सोफा त्या टोकाला मऊ लागत असेल. मला माहीत नाही. एवढंच विचारते, डावा कान गेलेला आहे का? आणि तुला ठाऊक होतं का? होतं, तर मला का सांगितलं नाहीस, घरातच कान तपासणारी असताना? हे लिहिलं आणि उत्तरही सुचलं. म्हणूनच.

मी वर्षभर तुला बोलून निरोप पाठवले. ज्याला ऐकणंच जड, त्याला आवाज पाठवत होते!

ढिगात एकच खेळ उरलाय. दोरीचा. दोघांनी खेळायचा, म्हणून तो तू उघडलेलाही नाहीस. विकत घेतलास तेव्हा म्हणाला होतास, “ताई, हा तुझ्याबरोबर.” मी म्हटलं होतं, बघू. एकाकडे असला तर दुसऱ्याला लांबून, साध्या संगणकावरूनही, फुकट शिरता येतं, यंत्रानेच सांगितलं. मी उद्याचा सोडून पुढच्या रविवारी, बावीस तारखेला, दुपारी चारला उघडून बसेन. त्यात बोलायची सोय नाही, मी तपासलं. ऐकण्यासारखंही काही नाही.

ताई

२३ फेब्रुवारी

भुंग्या,

काल चार ते सहा बसले होते.

खेळाबद्दल: डोंगराच्या पायथ्याशी एक लाल बाहुला उभा असतो, पाठमोरा, कमरेला दोरी. दोरीचं दुसरं टोक बर्फात पडलेलं. वर लिहून येतं, ‘दुसऱ्या खेळाडूची वाट पाहत आहे’. बटण दाबलं की बाहुला उडी मारतो. एवढंच करता येतं. दोन तासांत दोनदा त्याने आपण होऊन जांभई दिली.

नोंदणीवाल्या बाईने आज विचारलं, “मॅडम, मशीन कधी आणताय? पोरांना मी कबूल करून बसलेय.”

“एक खेळ राहिलाय.”

“अवघड आहे?”

“सोपा आहे. माणूस कमी आहे.”

तिने यावेळी थट्टा केली नाही. “मी येऊ का?” म्हणाली. खरंच आली असती. मी नको म्हटलं, आणि घरी जाताना त्याचं वाईट वाटत राहिलं. पण ती जागा रिकामी ठेवायला हवी होती.

तपासणीआधी मी सगळ्यांना एकच सांगते: कितीही बारीक आवाज आला, आला असं नुसतं वाटलं, तरी बटण दाबा. चुकलं तरी चालतं. आणि नाही दाबलं तरी मी रागावत नाही, थोडा वाढवून पुन्हा देते. हे मी परक्या माणसांना अठरा वर्षं सांगत आलेय.

रविवारी चारला असेन.

ताई

१ मार्च

प्रिय भुंग्या,

काय झालं ते तुलाही माहीत आहे. तरी मी जसं बघितलं तसं लिहिते, कारण मला खात्री करून घ्यायची आहे, आणि लिहिल्याशिवाय माझी खात्री होत नाही.

चार वाजून गेले होते. मी चहा आणायला उठले. परत आले तर वरची अक्षरं गेलेली आणि लाल बाहुल्याच्या उजव्या हाताला एक निळा. दोरी ताणलेली.

मी कप ठेवला तो टेबलाच्या कडेवर, अर्धा सांडला. मग उडी मारली. निळ्याने उडी मारली.

मुलं तपासणीत हौसेने बटण दाबत सुटतात, तेव्हा मी आवाज देणंच थांबवते. शांततेतही दाबत राहिली तर ती उत्तरं मोजायची नसतात. मी बोटं उचलून मांडीवर ठेवली. निळा हलला नाही. मीही नाही. खाली कुणीतरी गाडी पुसत होतं, बादलीचा आवाज येत होता. बराच वेळ गेला. असेल कुणी परका, चुकून शिरलेला, असं मनाला सांगून बघितलं. मग पुन्हा उडी मारली. निळ्याने मारली.

आणि मग तू चालायला लागलास. डोंगराकडे नाही. माझ्या पाठीमागून वळसा घालून डाव्या हाताला आलास आणि तिथे उभा राहिलास. आता मी तुझ्या उजवीकडे. लाल उजवीकडे, निळा डावीकडे, माझ्या तपासणीच्या खोलीतल्या हेडफोनसारखे: उजव्या कानाला लाल, डाव्याला निळा.

डावा कान का, असं मी विचारलं होतं.

पण वळसा घालताना दोरी माझ्या पायांत गुंडाळली गेली. मी घाईने पुढे झाले, जशी नेहमी होते. माझा तोल गेला, मी तुलाही ओढलं आणि दोघं पायथ्याशेजारच्या दरीत. पडदा पांढरा झाला. मला वाटलं, गेला. आता येणार नाही.

एका उत्तरावर आम्ही विश्वास ठेवत नाही, भुंग्या. एकदाचं योगायोगानेही येतं. तोच आवाज पुन्हा दिला आणि तेच उत्तर पुन्हा आलं, तरच कागदावर खूण करतो.

पडदा उजळला. पायथा, बर्फ, लाल बाहुला, दोरी. उजव्या हाताला निळा. मी काहीच केलं नाही. बटणाला हातही लावला नाही.

तू वळलास, पुन्हा माझ्या मागून गेलास, यावेळी सावकाश, दोरी उचलत उचलत, आणि माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिलास.

तुझी,
तायडी